मामापदाचा राजीनामा

(कोल्हापूर, राजारामपुरी. दातांच्या डॉक्टर सोनल यांचा दवाखाना, सकाळची वेळ. मोठी खुर्ची रिकामी आहे. पेशंट आईच्या मांडीवर झोपलाय.)

डॉक्टर: तर दात राहिला. अभिनंदन.

संयोगिता: नक्की ना?

डॉक्टर: नक्की. घट्ट आहे, हलत नाही, त्यामुळे निखळून घशात जायची भीती नाही. एक्स-रेत त्या जागी दुसरा दुधाचा दात दिसत नाही, म्हणजे हा जादाचा नाही. त्याचा हक्काचा पहिला दात आहे, फक्त घाई करून आलाय. धार होती ती घासून गुळगुळीत केली. आता पाजताना तुम्हाला टोचणार नाही. उगाच काढला तर पुढची सहा-सात वर्षं तिथं फट राहील. काढायचा नाही.

संयोगिता: ठरलं?

डॉक्टर: ठरलं.

संयोगिता: बरं. आता हे झालेलंच नाही.

डॉक्टर: काय झालेलं नाही?

संयोगिता: जे झालं ते. माझा भाऊ मघापासून खाली गाडी लावायला जागा शोधतोय. तो वर आला की तुम्ही बाळाला अजून बघितलेलंसुद्धा नाही.

डॉक्टर: अहो, मी आत्ता अर्धा तास बघत होते.

संयोगिता: हातातला तो छोटा आरसा खाली ठेवा. एक्स-रे उलटा करा. डॉक्टर, आमच्या विजयदादाला ठरलेली गोष्ट सांगितली की तो ती मोडतो. दूध संस्थेत पाच वर्षं संचालक होता. ठरलेलं मोडणं एवढंच काम होतं तिथं.

डॉक्टर: पण बाळाची आई तुम्ही आहात. निर्णय तुमचा.

संयोगिता: माझाच आहे आणि झालाय. दाताचा प्रश्नच नाही. मला भाऊ परत पाहिजे. मी बाळंतपणाला माहेरी आले, आणि माहेर उठून गोठ्यात झोपायला गेलं. बाळ जन्मल्यापासून त्यानं त्याचं तोंड बघितलेलं नाही.

डॉक्टर: का?

संयोगिता: मूल दात घेऊन जन्मलं की मामाला जड असतं म्हणतात. त्यात शेजारच्या बनाबाईंनी भर घातली, दात निघेपर्यंत मामानं बाळाचं तोंड बघायचं नाही. तेव्हापासून हा म्हशींची तोंडं बघतोय. आला वाटतं. घाबरू नका, हेल्मेट आहे.

डॉक्टर: या, या. बसा. हेल्मेट काढलंत तरी चालेल. इथं डोक्यात काही पडत नाही.

विजयसिंह: ऱ्हाऊ दे. काच काळी करून घेतल्या. हितं सावलीत मला फकस्त तुमच्या चपला दिसत्यात. पोरगं कुठल्या बाजूला हाय तेवढं सांगा, म्हंजे मी तिकडं पाठ करतो.

डॉक्टर: अगदी तुमच्या समोर.

विजयसिंह: आयला! आता?

संयोगिता: आता भिंतीकडं तोंड हाय तुझं. चौथीत हुबा ऱ्हायचास तसा.

विजयसिंह: बरं हाय हितं. गार लागतंय.

संयोगिता: डॉक्टर, येताना दसरा चौकात लोकं थांबून बघत होती. कोल्हापुरात हेल्मेट घातलेला माणूस. पोलिसानं सुद्धा अडवलं.

विजयसिंह: लायसन इचारलं न्हाय. ‘पावणं, गाव कुठलं?’ म्हणून इचारलं.

डॉक्टर: विजयसिंह म्हणजे… संस्थेच्या निवडणुकीचे तुमचेच फलक लागले होते ना, नाक्यावर? मला लक्षात आहे.

विजयसिंह: व्हय, मीच. मत दिलासा?

डॉक्टर: माझ्याकडे म्हैस नाही. पण दातांची डॉक्टर म्हणून लक्षात राहिलं. पॅनेलचे सगळे उमेदवार दात दाखवून हसत होते. तुमचं एकट्याचं तोंड बंद होतं.

विजयसिंह: गंभीर माणूस वाटावा म्हणून. बरं, त्ये सोडा. दात बघितलासा का?

डॉक्टर: मी? नाही. म्हणजे अजून नाही. बघणार आहे.

विजयसिंह: बघायचं काय त्यात! काढून टाका. उपटा आणि माझ्या हातात द्या, पंचगंगेत सोडून येतो. नारळ सुद्धा आणलाय.

डॉक्टर: असं का काढायचं? कारण तरी सांगा.

विजयसिंह: कारण? हिला पोरगं झालं त्या सकाळी आमची मतमोजणी. मला आणि त्या राजवर्धनला सारखी मतं पडली. सारखी! मग चिठ्ठी टाकली. चिठ्ठी काढायला शाळेतनं एक लहान पोरगी आणली. पोरीनं डब्यात हात घातला आणि त्याच टायमाला दवाखान्यातनं फोन, मुलगा झाला, दात हाय. चिठ्ठी राजवर्धनची निघाली.

संयोगिता: चिठ्ठ्या दोनच हुत्या दादा.

विजयसिंह: मी कवा म्हटलं तीन हुत्या?

संयोगिता: म्हंजे निम्मा चान्स तुझा हुता, निम्मा त्याचा.

विजयसिंह: माझा निम्मा दातानं खाल्ला.

डॉक्टर: दात आईच्या पोटातनं नुकता बाहेर आला होता. डब्यापर्यंत कसा जाईल?

विजयसिंह: त्ये मला कसं कळणार? तुम्ही दातांच्या डॉक्टर. आणि एवढ्यावर थांबलं असतं तर मी बोललो नसतो. दुसऱ्या दिवशी म्हशीनं लाथ घातली. दुधाची किटली गटारात आणि मी किटलीत. तिसऱ्या दिवशी वारणानगरला निघालो तर नवा कोरा टायर फुटला. रस्त्यात एक खिळा न्हाय, काच न्हाय, काय न्हाय. फुटला. आपल्या मनानं फुटला.

संयोगिता: आणि किटलीत बसून तू पाच मिनटं फोनवर बोलत हुतास, ते सांग की. म्हैस सुद्धा कंटाळली.

विजयसिंह: महत्त्वाचा फोन हुता.

संयोगिता: मुलगा झाला म्हणून पेढे सांगत हुता, डॉक्टर. पंधरा किलो. तोंड बघायचं न्हाय, खरं पेढे सगळ्या गल्लीला.

विजयसिंह: पेढ्याचा आणि तोंडाचा काय संबंध?

डॉक्टर: हे बघा, मी तुम्हाला शास्त्र सांगते, म्हणजे तुमची भीती जाईल. हा दात जन्माच्या दिवशी एकदम उगवलेला नाही. बाळ पोटात असतं तेव्हाच, दीड-दोन महिन्यांचं झालं की दातांची घडण सुरू होते. सगळ्या बाळांची होते. सगळी बाळं हिरडीत दात घेऊनच जन्मतात. ह्याचा एक तेवढा लवकर वर आला. हजारात नाही, पण दोन-तीन हजारांत एखाद्याचा येतोच. तो कधीपासून आत होता. शांतपणे.

विजयसिंह: थांबा. कधीपासून?

डॉक्टर: सात-आठ महिने तरी.

विजयसिंह: आयला, म्हंजे आमची मोटर जळली त्यो सुद्धा ह्योच!

डॉक्टर: नाही, मला असं म्हणायचं नव्हतं.

विजयसिंह: श्रावणात मोटर जळली. गणपतीत माझा मोबाईल रंकाळ्यात पडला. तवा मी म्हटलं, नशीब. नशीब कुठलं, दात पोटातनं काम करत हुता! शांतपणे, बघा. डॉक्टरच म्हणाल्या शांतपणे.

संयोगिता: डॉक्टर, तुम्ही आता शास्त्र नका सांगू.

डॉक्टर: मी गप्प बसते.

संयोगिता: दादा, दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवल्या, तवा तुझी चंद्रा गाडीमागं सगळ्यांच्या पुढं आली. शिंगांना मोरपिसं लावून, पैंजण घालून. पेपरात फोटो आला. तवा सुद्धा दात माझ्या पोटातच हुता. त्याचं श्रेय कुणाचं?

विजयसिंह: चंद्राचं. आणि माझ्या गाडीच्या सायलेन्सरचं. त्या आवाजामागंच पळती ती.

संयोगिता: चांगलं झालं की सायलेन्सर, वाईट झालं की माझं पोरगं?

विजयसिंह: तसंच असतंय की. सगळीकडं तसंच असतंय. आमच्या संस्थेत बी तसंच हुतं.

डॉक्टर: तुम्ही आत्ता हसलात का?

विजयसिंह: न्हाय.

डॉक्टर: नाही, तुमचा हात वर गेला. हेल्मेटच्या तोंडावर ठेवलात.

विजयसिंह: सवय हाय.

डॉक्टर: हेल्मेटवर हात ठेवायची?

विजयसिंह: हसताना तोंडावर ठेवायची. आज मधी हेल्मेट आलं. तुमचं काम लहान पोराच्या दाताचं हाय, माझ्या तोंडाकडं कशाला बघताय? काढताय का न्हाय तेवढं सांगा.

संयोगिता: न्हाय.

विजयसिंह: तुला इचारलं न्हाय. डॉक्टरांस्नी इचारलं.

संयोगिता: दात माझ्या पोराचा, पोरगं माझं, तुझा काय संबंध? तू तर मामा सुद्धा वाटंनास. मामा लोकं बघायला येत्यात. तू भिंत बघायला आलायस.

विजयसिंह: ठीक हाय. मला वाटलंच हुतं तू ऐकणार न्हाईस. मी सगळी तयारी करून आलोय. डॉक्टर, तुम्ही साक्षीदार. मी राजीनामा देतोय.

संयोगिता: कशाचा? निवडणूक हरलायस तू. राजीनामा द्यायला पद कुठं शिल्लक हाय?

विजयसिंह: मामापदाचा.

डॉक्टर: कशाचा?

विजयसिंह: मामापदाचा. आजपासून, वैयक्तिक कारणास्तव, मी सदर मुलाच्या मामापदाचा राजीनामा सादर करीत आहे. तरी तो मंजूर करण्यात यावा. कळावे.

संयोगिता: कुणाकडं सादर केलास?

विजयसिंह: म्हंजे?

संयोगिता: राजीनामा सादर कुणाकडं करायचा असतो? ज्यानं नेमणूक केली त्याच्याकडं. तुला मामा कुणी केलं? मी केलं. दोन रात्री कळा देऊन केलं. तुझ्या संस्थेत बिनविरोध झालास तसा फुकट न्हाय झालास. राजीनामा फेटाळला.

विजयसिंह: असा फेटाळता येत न्हाय. बैठक बोलवावी लागती.

संयोगिता: बैठक चालू हाय.

विजयसिंह: कोरम?

संयोगिता: मी, डॉक्टर आणि बाळ. तिघं.

विजयसिंह: बाळ झोपलंय.

संयोगिता: तुमच्या बैठकीत कोण जागं असतंय?

डॉक्टर: माफ करा, बाहेर एक आजोबा कवळी घेऊन बसलेत. पण मला हे पुरं ऐकायचंय. सांगा.

विजयसिंह: मी काय पद रिकामं टाकून चाललेलो न्हाय. पर्यायी व्यवस्था केल्या. आकाराम हाय की आजऱ्याचा. आपला चुलतभाऊच त्यो. काजूचा कारखाना हाय, माणूस मोकळा हाय. त्याला प्रभारी मामा नेमायचा. जावळाला त्याच्याच मांडीवर बसवा. कान टोचताना त्याचंच बोट धरू दे. सगळी कामं तोच करंल.

संयोगिता: आकारामला इचारलास?

विजयसिंह: इचारलं. एका पायावर तयार हाय. म्हणाला, काजू घेऊन येतो.

संयोगिता: दाताचं सांगितलास?

विजयसिंह: काजू लई चांगला असतोय त्याचा.

संयोगिता: दादा. दाताचं सांगितलास का?

विजयसिंह: त्यानं इचारलं न्हाय.

संयोगिता: म्हंजे मामाला जड असलेलं पोरगं त्या भल्या माणसाच्या मांडीवर ठेवणार तू? त्याच्या घरात दोन लहान लेकरं हायती. मोटर जळली, किटली सांडली, टायर फुटला, हे सगळं त्याला काजूच्या बदल्यात देणार? आणि तू गोठ्यात चंद्राजवळ निवांत?

विजयसिंह: तसं न्हाय गं.

संयोगिता: मग कसं हाय? भित्रा हायस तू. निवडणुकीत माईकवर बोलायला वाघ आणि तीन किलोच्या पोराला घाबरून डोक्यात डबडं घातलायस. मरायला भितोस ना? सांग की, मरायला भितोस.

विजयसिंह: मरायला कोण भितंय!

डॉक्टर: हळू. बाळ उठेल.

विजयसिंह: मरायला कोण भितंय, संयू? तुला काय म्हायती न्हाय. तू माझ्या मागनं आठ वर्षांनी जन्मलीस. मला वरचे दात आधी आले. खालचे यायच्या आधी वरचे. ते बी मामाला जडच म्हणत्यात. आणि त्याच साली आपला मामा गेला. मी धड बसायला सुद्धा लागलो नव्हतो.

संयोगिता: भिंतीवरचा फोटो.

विजयसिंह: तोच. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव इचारलं. मी सांगायच्या आधी मागनं कोण तरी ओरडलं, ‘बाई, ह्यो मामा खाल्लेला!’ त्याच्या घरात बोलत असणार. लग्नाच्या पंगतीत बसलो की बायका म्हणायच्या, वाढा त्याला, भूक मोठी हाय, मामा खाल्लाय त्यानं. चेष्टा हं. सगळी चेष्टाच. कुणी मारलं न्हाय, हाकललं न्हाय. मी बी हसायचो त्यांच्याबरोबर. हात ठेवून हसायचो.

डॉक्टर: म्हणून फलकावर…

विजयसिंह: फोटोवाला म्हणाला, साहेब दात दाखवा. म्हटलं, आमचे दात दाखवण्यातले न्हाईत. त्याला वाटलं, तंबाखू.

संयोगिता: दादा…

विजयसिंह: बोलू दे की. मी दिवसभर गाडीवर असतोय. म्हशीत वावरतोय. उद्या काय बी हुईल. मला झालं तर मला झालं, त्याचं काय वाटत न्हाय. खरं ह्या पोराला जन्मभर ऐकाय लागंल. वर्गात, पंगतीत, सगळीकडं. म्हणून म्हणतोय, एक तर दात काढा, न्हाय तर मला काढा. मी मामाच नसलो तर मेलो तरी त्याच्या नावावर पडणार न्हाय. आकारामला काय हुणार न्हाय, त्यो लई जपून गाडी चालवतोय.

संयोगिता: झालं बोलून?

विजयसिंह: झालं.

संयोगिता: मग मरू नकोस.

विजयसिंह: आँ?

संयोगिता: सोपं हाय. दात हितंच ऱ्हाणार, तू मामाच ऱ्हाणार. राहिला प्रश्न मरायचा. तर तू मरू नकोस.

विजयसिंह: असं ठरवून जमतंय व्हय?

संयोगिता: ठरलेलं मोडायची सवय तुला, मला न्हाय. आणि आता ऐक. कळा सुरू झाल्या तवा आई माझ्याजवळ बसलेली. तिला वाटलं मी गुंगीत हाय. एकटीच बोलत हुती, त्या मामाशी. म्हणाली, तात्या, माझ्या लेकीला नीट मोकळी कर, तुझी बाटली मी जन्मभर झाकली.

विजयसिंह: कसली बाटली?

संयोगिता: नंतर मी तिला धरून बसवलं आणि सगळं काढून घेतलं. मामा ट्रक घेऊन चंदगडला लाकूड आणायला गेलता. मुसळधार पाऊस. घाटात वळण चुकला. ट्रक रिकामा हुता दादा, मामाच भरलेला हुता. दात तुझा हुता, बाटली त्याची हुती.

विजयसिंह: आई असं म्हणाली?

संयोगिता: व्हय.

विजयसिंह: मग एवढी वर्षं…

संयोगिता: भावाच्या फोटोला हार घालायचा हुता तिला. हार घातलेल्याला दारुडा कोण म्हणणार? लोकं म्हणाली दातानं झालं, ही गप्प बसली. दात लहान हुता. त्याला उलटं बोलता येत नव्हतं. मी तिला सांगितलंय, आई, एकदा झालं ते झालं. ह्या घरात दुसऱ्या पोराला तोंड झाकायला कुणी शिकवायचं न्हाय. शिकवलं तर मी पोरगं घेऊन सासरी जाणार, आणि जाताना त्या फोटोखाली मोठ्या अक्षरात खरं कारण लिहून जाणार.

विजयसिंह: आई काय म्हणाली?

संयोगिता: रडली. मग म्हणाली, फोटोला निदान दिवाळीपर्यंत ऱ्हाऊ दे.

विजयसिंह: डॉक्टर.

डॉक्टर: हं.

विजयसिंह: वरचे आधी येणं म्हंजे काय असतंय? तुमच्या शास्त्रात.

डॉक्टर: काही नसतं. क्रम मागंपुढं होतो. पंगतीत कुणी आधी भात घेतं, कुणी पोळी. माझ्या पुतणीचे वरचे आधी आले. तिला तीन मामा आहेत. तिघंही जाडजूड आहेत.

विजयसिंह: आजार न्हाय?

डॉक्टर: नाही.

विजयसिंह: दोष?

डॉक्टर: नाही. आणि हा बाळाचाही दोष नाही. घट्ट बसलाय, मी नीट हलवून बघितलाय, तो…

विजयसिंह: थांबा. हलवून बघितलाय? तुम्ही तर म्हणालासा, अजून बघितलाच न्हाय.

डॉक्टर: मी… असं म्हणाले होते का?

विजयसिंह: संयू.

संयोगिता: काय?

विजयसिंह: म्हंजे हे सगळं आधीच ठरलेलं.

संयोगिता: तू गाडी लावायच्या आधी.

विजयसिंह: मग मला कशाला वर बोलवलंस?

संयोगिता: तोंड बघायला. त्याचं तू आणि तुझं त्यानं. महिना झाला, माझ्या पोराला वाटतंय मामा म्हंजे खिडकीबाहेरचं खोकणं. ते डबडं काढ आता.

विजयसिंह: काढू?

संयोगिता: काढ म्हणते ना.

विजयसिंह: पट्टा अडकलाय.

डॉक्टर: थांबा, मी काढते. माझा निम्मा दिवस लोकांच्या जबड्याशीच जातो. हां. निघालं.

विजयसिंह: केवढुसा हाय हा! आणि दात कुठाय?

संयोगिता: वाक थोडा. तोंड उघडंल आत्ता. बघ. खाली, मधी.

विजयसिंह: हा?

संयोगिता: हाच.

विजयसिंह: ह्यानं माझी मोटर जाळली? हा तर घनसाळाच्या कणीएवढा हाय. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ असतोय ना, डॉक्टर, बारीक, पांढरा. तसला. ह्याच्यानं चिठ्ठी तरी उचलंल का! ए, बघतोय माझ्याकडं. संयू, बघतोय बघ. डोळे चंद्रासारखे हायती.

संयोगिता: म्हशीसारखे?

विजयसिंह: लई मोठी तारीफ हाय ती. ए वाघा. ए बारक्या. बोट धरतोस? आई गं! चावला! चावला की हा!

डॉक्टर: चावत नाही, चोखतोय. हात धुतले होते का तुम्ही?

विजयसिंह: मामाला चावला! एवढासा जीव आणि सरळ मामाला चावला. डॉक्टर, धार लावलासा काय ह्याला?

डॉक्टर: उलट, घासली. विजयसिंह…

विजयसिंह: आता काय?

डॉक्टर: काही नाही. हसताय, आणि हात त्याच्या तोंडात आहे. तुमचे वरचे दात बघत होते. एका ओळीत आहेत. डावीकडची दाढ मात्र किडली आहे, तिची वेळ घेऊन जा.

संयोगिता: ऐक दादा. आता माझा ठराव. हा दात हाय तोवर मामानं मरायचं न्हाय. हेल्मेट घालायचं, खरं पांढऱ्या काचेचं. घाटात सावकाश. जावळ तुझ्याच मांडीवर. आणि कुणी पंगतीत ह्याला काय बोललं, तर माझ्या आधी तू उठायचं.

विजयसिंह: उठतो. ताट घेऊन उठतो. ठराव मंजूर.

संयोगिता: बिनविरोध?

विजयसिंह: हा चावतोय की अजून. विरोध कोण करतोय? डॉक्टर, हा दात आता जन्मभर ऱ्हाणार ना?

डॉक्टर: छे. दुधाचा आहे. सहा-सात वर्षांनी पडेल. मग खालून कायमचा येईल.

विजयसिंह: म्हंजे ठरावाची मुदत तेवढीच?

संयोगिता: तोवर बघू.

विजयसिंह: बघू म्हंजे काय? मुदत संपली की कायदा संपतो, मी बघितलंय संस्थेत. डॉक्टर, कागद घ्या. लिवा. माझा एक हात गुंतलाय. विषय, मुदतीबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार आपला मामापदाचा राजीनामा मागे घेत आहे. तथापि सदर पदावर जिवंत राहण्याची सक्ती ही केवळ दात असेपर्यंतच लागू असल्याने…

डॉक्टर: लागू असल्याने, लिहिलं. पुढं?

विजयसिंह: तरी सदर दातास, त्याची पडण्याची वेळ येईल त्या त्या वेळी, मुदतवाढ देण्यात यावी, ही नम्र विनंती.